मिर्झा गालिब : ऐकलेले आणि वाचलेले

वाचकहो, मिर्झा गालिब हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. डोक्यावर उंच टोपी, अंगात लांब अंगरखा, हाती मद्याचा प्याला, दाराशी उधारी मागायला आलेला सावकार आणि ओठांवर हजरजबाबी विनोद. हे चित्र काही अंशी सोहराब मोदी यांच्या १९५४ सालच्या चित्रपटाने आणि काही अंशी गुलजार यांच्या १९८८ सालच्या दूरदर्शन मालिकेने आपल्या घरात आणले. त्याआधीही तोंडी चालत आलेल्या किश्श्यांतून ते होतेच. लग्नकार्यात, मैफलीत, भाषणात कोणी एखादा शेर फेकतो आणि तो गालिबचा म्हणून सांगतो. कित्येकदा तो त्यांचा नसतोही. पण ऐकणारे मान डोलावतात.

आपल्या समाजातील पालकांना मात्र या चित्राची अडचणही वाटते. जो मनुष्य मद्य घेत होता, जुगाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, नमाज-रोजाच्या बाबतीत आपली कसूर स्वतःच कबूल करीत होता, त्याचे नाव मुलांपुढे कशासाठी घ्यावयाचे, असे वडीलधारी माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. मुलांना भाषा शिकविणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही. याच्या उलट काही रसिक म्हणतात की, थोर कवीला सगळे माफ असते. मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. म्हणून, पालक बंधु-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो, किस्से थोडे बाजूला ठेवून आपण या माणसाचे आयुष्य एकदा क्रमाने पाहू या. मग काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, ते आपले आपण ठरवावे.

मिर्झा असदुल्लाह बेग खान यांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्रा येथे झाला. त्यांचे आजोबा समरकंदकडून हिंदुस्थानात आलेले. घराणे तलवारबहाद्दरांचे होते. लेखणीशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. वडील अब्दुल्लाह बेग खान अलवरच्या राजाच्या चाकरीत असताना १८०२ साली लढाईत कामी आले. चुलते नसरुल्लाह बेग खान यांनी या पोरक्या मुलाला सांभाळले. आपल्याकडील वाचकांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. हे चुलते त्या काळी मराठ्यांच्या, म्हणजे शिंद्यांच्या, वतीने आग्र्याचे अधिकारी होते. १८०३ साली लॉर्ड लेकच्या फौजेपुढे आग्रा पडले आणि ते इंग्रजांच्या नोकरीत गेले. १८०६ साली तेही अपघातात वारले. अशा रीतीने वयाची नऊ वर्षे पुरी होण्याच्या आत मिर्झांच्या डोक्यावरून दोन छत्रे गेली.

चुलत्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबासाठी इंग्रज सरकारने पेन्शन बांधून दिले. ते वर्षाला दहा हजार रुपये ठरले होते, असे मिर्झांचे म्हणणे. प्रत्यक्षात फिरोजपूर झिरक्याच्या नवाबाकडून पाच हजारच मिळू लागले आणि त्यातही मिर्झांच्या मते नात्यात नसलेल्या एका माणसाचा वाटा होता. मिर्झांच्या हाती वर्षाला साडेसातशे रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये येत. हा आकडा लक्षात ठेवा. त्यांच्या पुढील आयुष्यातील निम्म्या चिंता या एका आकड्याभोवती फिरत राहिल्या.

शिक्षणाविषयी सांगावयाचे तर त्यांच्यापाशी ना मोठ्या मदरशाची सनद होती, ना कोणा नामवंत उस्तादाची शागिर्दी. अब्दुस समद नावाचा एक इराणी विद्वान आग्र्यास आपल्या घरी दोन वर्षे राहिला व त्याने आपणास फारसी शिकविली, असे ते सांगत. परंतु लोकांनी बेउस्ताद म्हणून हिणवू नये यासाठी हे नाव आपण रचले, असेही त्यांनी कधीतरी म्हटल्याची नोंद त्यांचे शिष्य हाली यांनी करून ठेवली आहे. पुढे काझी अब्दुल वदूद यांच्यासारख्या संशोधकांनी हा उस्ताद काल्पनिकच होता असे प्रतिपादन केले. म्हणजे पाहा, गालिब या व्यक्तीभोवती गोष्टी रचण्याचे काम पुष्कळसे गालिब यांनी स्वतःच सुरू केले होते. खरी गोष्ट त्याहून अधिक मोलाची आहे. या माणसाने बहुतेक सर्व ज्ञान स्वतःच्या वाचनाने मिळविले. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती व तशी सवयही नव्हती. ते पुस्तके भाड्याने मागवीत, वाचीत आणि परत करीत. वाचलेले स्मरणात राही. आज ग्रंथालयाचे कार्ड खिशात असूनही वर्षभर एकही पुस्तक न आणणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

वयाच्या तेराव्या वर्षी, १८१० साली, त्यांचा निकाह उमराव बेगम यांच्याशी झाला आणि थोड्याच वर्षांत ते दिल्लीकर झाले. बेगम अत्यंत धर्मनिष्ठ, नमाज-रोजाच्या पक्क्या. नवऱ्याच्या सवयींमुळे त्यांनी आपली खाण्यापिण्याची भांडी वेगळी ठेवली होती. मिर्झा संसाराची थट्टा करीत, त्याला बेडी म्हणत. लोकांनी ती थट्टाच तेवढी लक्षात ठेवली. परंतु या जोडप्याला सात मुले झाली आणि त्यांपैकी एकही दीड वर्षाच्या पुढे जगले नाही, ही गोष्ट थट्टेबरोबर कोणी सांगत नाही. पुढे बेगमसाहेबांचा भाचा आरिफ याला त्यांनी मुलासारखे मानले. तो उत्तम कवी होता. तोही १८५२ साली ऐन तारुण्यात गेला. त्याच्या दोन लहान मुलांना या वृद्ध होत चाललेल्या नवराबायकोने पदरात घेतले. मुले अंथरुणावर धुळीच्या पायांनी नाचत, सांडलवंड करीत आणि मिर्झा ते सहन करीत. ज्याच्या घरातून सात जनाजे निघाले, त्या माणसाचा विनोद म्हणजे उथळपणा नव्हे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पेन्शनचा अन्याय दूर व्हावा म्हणून १८२६ साली मिर्झा घरातून निघाले आणि लखनौ, बांदा, बनारस असे मुक्काम करीत फेब्रुवारी १८२८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. वाटेत बनारसने त्यांना मोहून टाकले आणि त्या शहराच्या स्तुतीपर त्यांनी फारसीत एक दीर्घ काव्य लिहिले. कलकत्त्यात त्यांनी आगबोटी, छापखाने, नवी वस्ती, नवा कारभार डोळे भरून पाहिला. काम मात्र झाले नाही. १८३१ साली निकाल विरुद्ध गेला. तरीही त्यांनी हार मानली नाही. पुढे अनेक वर्षे, थेट लंडनपर्यंत, अर्ज चालूच राहिले. वारसाहक्काच्या आशेवर त्यांनी कर्जे काढली, कर्जाच्या फेडीसाठी आणखी कर्जे काढली. बंधूंनो, वडिलोपार्जित हक्काच्या कागदांवर उमर घालवून चालू पिढीचे शिक्षण व धंदा मागे ठेवणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

आता त्या प्रसिद्ध पालखीच्या प्रसंगाकडे येऊ. १८४२ च्या सुमारास दिल्ली कॉलेजात महिना शंभर रुपयांवर फारसीच्या अध्यापकाची जागा निघाली. सरकारचे सेक्रेटरी थॉमसन यांनी मिर्झांना भेटीस बोलाविले. मिर्झा पालखीतून गेले आणि साहेब स्वागतास बाहेर येतील म्हणून पालखीतच थांबले. साहेबांनी सांगितले की, दरबारात मानकरी म्हणून आलात तर रिवाजाप्रमाणे स्वागत होईल; नोकरीसाठी आलात तेव्हा तसे होणार नाही. नोकरीने मान वाढावयाचा, असलेला कमी व्हावयाचा असेल तर ती नको, असे सांगून मिर्झा परत फिरले.

हा प्रसंग आपण मुलांना स्वाभिमानाचा धडा म्हणून सांगतो. तो तसा आहेही. परंतु शिक्षकाच्या पेशातील माणूस म्हणून मला दरवेळी दुसरीही बाजू दिसते. साडेबासष्ट रुपयांच्या घरात शंभर रुपये येणार होते. कर्ज हलके झाले असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिल्लीच्या त्या कॉलेजातील मुलांना असा अध्यापक लाभला असता की ज्याच्या तोडीचा फारसीचा जाणकार त्या वेळी क्वचितच होता. शिकविणे हे मानाला उणेपणा आणणारे काम आहे, अशी समजूत त्या प्रसंगात डोकावते, आणि ती समजूत आजही आपल्यातून पुरती गेलेली नाही. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात. विचार त्यांनी करावा.

याच्या पाचच वर्षांनी, १८४७ साली, तो काळा दिवस आला. घरी जुगार चालविल्याच्या आरोपावरून मिर्झांना अटक झाली आणि सहा महिन्यांची सजा झाली. तीन महिन्यांनी त्यांची सुटका झाली खरी, पण त्या काळात आप्तांनी पाठ फिरविली. या माणसाशी आमचे नाते दूरचे आहे, असे खुलासे होऊ लागले. खुद्द बादशहाची शिफारसही कामी आली नाही.

अशा वेळी एक माणूस उभा राहिला. नवाब मुस्तफा खान शेफ्ता. हे गृहस्थ हजला जाऊन आलेले आणि शरीअतचे काटेकोर पालन करणारे होते. मिर्झांच्या व्यसनांशी त्यांचा लवलेश संबंध नव्हता. तरीही खटल्याचा खर्च त्यांनी केला आणि तुरुंगात जाऊन ते मित्राची विचारपूस करीत राहिले. मिर्झांविषयी आपल्याला आदर होता तो त्यांच्या परहेजगारीसाठी कधीच नव्हता. त्यांच्या विद्वत्तेसाठी होता आणि ती तर तुरुंगात गेल्याने कमी झालेली नाही, अशी त्यांची भूमिका होती. मिर्झांनी तुरुंगात लिहिलेल्या फारसी काव्यात शेफ्तांचे ऋण मानले आहे.

पालकहो, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे सापडते. मद्य आणि जुगार वाईट, हे हाजी शेफ्तांना आपल्याहून कमी कळत होते काय? वाईटाला त्यांनी चांगले म्हटले नाही, आणि चांगल्याला नाकारलेही नाही. मिर्झांनी स्वतः तरी आपल्या दोषांना गुण म्हणून कोठे मिरविले? १८५७ नंतर एका इंग्रज कर्नलने त्यांना तुम्ही मुसलमान काय, असे विचारले, तेव्हा आपण अर्धे आहोत, मद्य घेतो पण डुकराचे मांस खात नाही, असे त्यांनी सांगितल्याचा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आपण हसतो. पण त्या हसण्यात एक कबुली दडलेली आहे, ती सहसा आपल्या कानी पडत नाही.

शिक्षणसंस्थेच्या या स्मरणिकेत आणखी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १८५५ च्या सुमारास सर सय्यद अहमद खान यांनी अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीची संशोधित आवृत्ती मोठ्या मेहनतीने तयार केली आणि मिर्झांकडे प्रस्तावनापर काव्य मागितले. मिर्झांनी फारसीत काव्य पाठविले, पण त्यात स्तुतीऐवजी कानउघाडणी होती. जुन्या राजवटीचे कायदे काय उकरीत बसला आहात, इंग्रजांनी वाफेवर चालविलेली यंत्रे पाहा, क्षणात दूर जाणारे निरोप पाहा, असा त्याचा आशय होता. सर सय्यद नाराज झाले. त्यांनी ते काव्य ग्रंथात घातले नाही. काही वर्षांनी मुरादाबादेस दोघांची भेट झाली आणि मनातील अढी गेली. पुढे त्याच सर सय्यदांनी १८६४ साली सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि १८७५ साली अलीगढची शाळा सुरू केली. एका काव्यामुळे हे सारे घडले, असे मी म्हणणार नाही. १८५७ च्या घावाने त्यांना पुष्कळ शिकविले होते. पण कलकत्त्याची आगबोट पाहून आलेल्या कवीला नव्या विद्येचे मोल आधी उमगले होते, एवढे खरे. आणि दैवाचा खेळ असा की, दुसऱ्याला पुढे पाहण्यास सांगणारा हा माणूस स्वतः मात्र चुलत्याच्या पेन्शनमागे मागे वळून पाहत राहिला.

१८५० साली बहादूरशहा जफर यांनी त्यांना किताब दिले आणि तैमूरी घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम महिना पन्नास रुपयांवर सोपविले. १८५४ साली जौक वारल्यावर ते बादशहाचे काव्यगुरू झाले. हे सुख तीन वर्षेही टिकले नाही. १८५७ च्या धामधुमीत ते बल्लीमारानमधील आपल्या घरात कोंडून राहिले. त्यांचा वेडसर झालेला धाकटा भाऊ यूसुफ त्याच ऑक्टोबरात मरण पावला आणि त्याचे दफनही कसेबसे उरकावे लागले. मित्र मौलाना फजल-ए-हक खैराबादी यांना अंदमानची शिक्षा झाली. ते तेथेच वारले. शेफ्ताही कैदेत पडले.

या काळावर मिर्झांनी दस्तंबू नावाची फारसी रोजनिशी लिहिली. ती इंग्रज अधिकाऱ्यांकडे पाठविली आणि तिच्यात बंडवाल्यांना दोष दिला. यावरून अनेक वाचक आजही त्यांना बोल लावतात. बोल लावण्यास जागा आहे. बंद पडलेले पेन्शन परत मिळावे, हा हेतू त्यामागे उघड होता आणि १८६० साली ते मिळालेही. परंतु त्याच दिवसांतील त्यांची खाजगी पत्रे ज्यांनी वाचली, त्यांना दुसरेच गालिब भेटतात. उजाड मोहल्ले, फासावर गेलेले मित्र, नाहीशा झालेल्या हवेल्या यांचा हिशेब ते एकेका नावानिशी लिहून ठेवतात. सरकारसाठी लिहिलेले एक आणि मित्रासाठी लिहिलेले दुसरे. दोन्ही एकाच भेदरलेल्या, कर्जबाजारी, साठीकडे झुकलेल्या माणसाने लिहिले आहे. निवाडा करताना दोन्ही पुढ्यात असावीत.

आणि ही पत्रे हाच त्यांचा वारसा होय, असे मला वाटते. उर्दूत पत्र लिहावयाचे म्हणजे लांबलचक पदव्या व अलंकार, अशी तोवर रीत होती. मिर्झांनी ती मोडली. समोर बसून बोलावे तसे ते लिहीत. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल तफ्ता, मीर महदी मजरूह, आग्र्याचे शिवनारायण आराम असे हिंदू-मुसलमान शिष्य आपली कवने टपालाने पाठवीत आणि मिर्झा चुका दुरुस्त करून परत धाडीत. हरगोपाल यांना तर ते प्रेमाने मिर्झा तफ्ता म्हणत. ज्याने कॉलेजाच्या दारातून पालखी परत फिरविली, त्यानेच घरी बसून टपालखात्याच्या मदतीने केवढी शाळा चालविली! शिष्यांनी पत्रे छापण्याचा विषय काढला तेव्हा प्रथम ते नको म्हणाले. अखेर ऊद-ए-हिंदी हा संग्रह १८६८ साली आणि उर्दू-ए-मुअल्ला १८६९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच निघाला. आपल्या फारसी काव्याचा त्यांना अभिमान होता. ते उर्दूपेक्षा कितीतरी मोठे आहे. पण लोकांनी उराशी धरले ते लहानसे उर्दू दिवान आणि न छापण्याच्या बोलीने लिहिलेली पत्रे. आपले कोणते काम मागे राहील, हे माणसाला ठरविता येत नाही.

१५ फेब्रुवारी १८६९ रोजी मिर्झांचा इंतकाल झाला. जनाजा शिया पद्धतीने व्हावा की सुन्नी, यावर दारातच चर्चा झाली आणि सुन्नी पद्धतीने विधी झाले. म्हणजे हा माणूस नक्की कोणाचा, हा वाद पहिल्या दिवसापासूनचा आहे. निजामुद्दीन वस्तीत त्यांची कबर आहे. कर्ज मागे ठेवून ते गेले. वर्षभरातच उमराव बेगमही गेल्या.

त्यांचे चरित्र लिहिले ते अल्ताफ हुसेन हाली यांनी, १८९७ साली. हाली स्वतः धार्मिक वृत्तीचे. तरुणपणी त्यांनी वृद्ध, बहिऱ्या झालेल्या उस्तादाला नमाजाविषयी लांबलचक उपदेश लिहून दिला होता. मिर्झांनी तो ऐकून घेतला आणि आपल्या पापांची अशी काही कबुली दिली की हालीच शरमिंदे झाले. हा प्रसंग हालींनी चरित्रात स्वतःला न वाचविता सांगितला आहे. त्यांनी दोष लपविले नाहीत. दोषांच्या आड माणूस लपू दिला नाही. आणि १९२५ साली जर्मनीत शिकत असलेल्या एका तरुणाने बर्लिनच्या छापखान्यात गालिबचे सुबक दिवान छापून घेतले. जुळणीच्या कामालाही स्वतः हात लावला. ते विद्यार्थी म्हणजे पुढे आपल्या देशाचे राष्ट्रपती झालेले डॉ. जाकिर हुसेन. त्यांच्याच हस्ते १९६९ साली दिल्लीत गालिब अकादमीचे उद्‌घाटन झाले. मराठी वाचकांसाठी सेतुमाधवराव पगडी यांनी गालिबच्या गझला उलगडून दाखविल्या, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

शेफ्ता, हाली, जाकिर हुसेन. वाचकहो, या तिघांपैकी एकालाही आपण बेदीन वा बेफिकीर म्हणू शकणार नाही. त्यांनी गालिबला जवळ केले ते प्याल्यासाठी नव्हे. म्हणून पालकांना माझी विनंती आहे : मुलाने गालिबचे नाव काढले तर दरडावू नका आणि नुसते कौतुकही करू नका. त्याला सांगा की, हा माणूस कर्ज करून चुकला, जुगार खेळून चुकला, त्याची किंमत त्याने व त्याच्या घराने मोजली. आणि हेही सांगा की, भाड्याच्या पुस्तकांवर शिकून, सात मुले मातीत ठेवून, उजाड शहरात बसून त्याने शेवटपर्यंत दुसऱ्याची भाषा सुधारण्याचे काम सोडले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला तर एवढेच सांगणे आहे. गालिब ऐकलेले पुष्कळ झाले. या सुट्टीत ग्रंथालयातून त्यांच्या पत्रांचे पुस्तक काढा. उर्दू येत नसेल तर घरात ज्याला येते त्याच्याजवळ बसून रोज एक पत्र वाचून घ्या. दहा पत्रे झाली की ती उंच टोपी आणि तो प्याला मागे पडेल, आणि दाराशी टपालवाल्याची वाट पाहणारा एक म्हातारा शिक्षक तुम्हांला दिसू लागेल.